पुंडलिक नानांची टकिला

आमच्या कॉलनीत पुंडलिक नानांना नमस्कार करायचा तर आधी श्वास रोखून धरावा लागतो. आपण हात जोडतो, नाना हात जोडतात, इथवर चारचौघांसारखंच. पण मग नाना अर्धं पाऊल पुढे येतात, मान लांब करतात आणि आपल्या तोंडाचा वास घेतात. अगदी उघड, म्हैस वैरण हुंगते तसा. झालं की "हं" म्हणतात आणि चालू पडतात. त्या "हं"मधून काही कळत नाही. माणूस मात्र संध्याकाळपर्यंत आपलाच तळहात तोंडापुढे धरून हुंगत बसतो.

नाना वरणगावच्या फॅक्टरीत तपासणी खात्यात होते. समोर येईल ती वस्तू उचलायची, उजेडात धरायची आणि "पास" नाहीतर "रिजेक्ट" म्हणायचं, यात उभी नोकरी गेली. निवृत्त होऊन ते जळगावात आमच्या शेजारी राहायला आले. इथे तपासायला फॅक्टरीचा माल नव्हता, म्हणून त्यांनी माणसं घेतली. दारूचा त्यांना भयंकर तिटकारा. स्वतः आयुष्यात थेंब शिवला नव्हता आणि दुसऱ्यानं शिवलेला थेंब त्यांना दोन गल्ल्यांवरून कळायचा.

पूर्वी निकाल जाहीर व्हायचा, तोही खड्या आवाजात. कॉलनीतल्या एका लग्नात त्यांनी बँडमधल्या पिपाणीवाल्याच्या तोंडातून पिपाणी काढून घेतली, वास घेतला आणि त्याला रिजेक्ट केलं. नवरदेव बिचारा नुसत्या ढोलावर मांडवात आला. मला तर त्यांनी आमच्या पतसंस्थेच्या चेअरमनसाहेबांसमोर रिजेक्ट केलं होतं. मी खोकल्याचं औषध घेतलं होतं हो. शपथेवर सांगतो. बरं, एरवी मी घेतो, नाही असं नाही, पण त्या दिवशी खरंच खोकला होता. तेव्हापासून माझ्या खिशात बडीशेपेची पुडी असते.

तो खडा आवाज बंद झाला त्याचं कारण सीमा, नानांची एकुलती एक मुलगी.

नानांच्या मेहुण्याचा आसोद्याच्या वाटेवर मळा आहे. दर हिवाळ्यात तिथे नाना भरीत पार्टी करतात. वांगी स्वतः तपासून आणतात, हातावर तोलतात, टिचकी मारतात, भाजीवाली रडकुंडीला येते. मग कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर ती भाजायची आणि लाकडाच्या बडगीत मिरची-लसणाबरोबर मुसळानं ठेचायची. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या अशाच एका पार्टीला सीमा पुण्याहून नवऱ्याला घेऊन आली होती. जावई धुळ्याचे. येताना दोघं धुळ्यात मित्रांकडे थांबले होते. नानांनी सवयीनं जावयांचा वास घेतला आणि "पास" म्हणाले. सगळे हसले, जावईसुद्धा हसले. आणि त्याच झोकात नानांची मान सीमाकडे वळली.

"रिजेक्ट," नाना म्हणाले.

त्यांना म्हणायचं नव्हतं. मी शेजारीच बसलो होतो, मला दिसलं. शब्द सुटला आणि नानांचा हात आपसूक तोंडाकडे गेला, पण साठ-सत्तर माणसांनी ऐकलं होतं. आत्या, मावशा, मळ्यातले मजूर, सगळ्यांनी. सीमाचा हात भरतात होता. तिनं तो धुतला, डोळ्यांना पदर-बिदर काही न लावता सरळ चालत गेली आणि गाडीत जाऊन बसली. त्यानंतर ती माहेरी आली नाही. फोन करते तो आईला, म्हणजे अक्कांना. मागे नानांचा आवाज आला तर ठेवते म्हणून सांगते. तेव्हापासून नाना वास घेतात, पण निकाल देत नाहीत. नुसतं "हं".

यंदा डिसेंबरात एका सकाळी नाना आमच्या दारात उभे. नाना एरवी फॅक्टरीतलं शुद्ध मराठी बोलतात. मूळचे चोपड्याकडचे, मनातलं काही बाहेर यायला लागलं की मात्र अहिराणी येते.

"अनिल," ते हळूच म्हणाले, "तुले टकिला माहीत शे का?"

मी खिशातली बडीशेप शोधायला लागलो. नाना म्हणाले, राहू दे, तुझी बडीशेप मला किती वर्षांपासून माहीत आहे. आणि त्यांनी मोबाइल पुढे केला. अक्कांच्या मोबाइलवरून स्वतःकडे घेतलेला सीमाचा फोटो होता. मैत्रिणींच्या घोळक्यात ती मस्त हसत होती, हातात ग्लास, ग्लासाच्या काठाला मीठ आणि लिंबाची चकती. बोट लावून लावून नानांनी तो ग्लास इतका मोठा करून ठेवला होता, की सीमा फोटोबाहेर गेली होती.

हे काय आहे, असं नाना विचारत होते. त्यांनी कुठूनतरी नाव शोधून काढलं होतं, पण ते होतं कसं, हे हवं होतं. या वेळी सीमा चुलतभावाच्या साखरपुड्याला जळगावात येणार होती. हॉटेलात उतरणार, भरीत पार्टीला तासभर येणार आणि जाणार, तेही अक्कांनी खूप रडून कबूल करून घेतलेलं. नानांना त्या तासात हा ग्लास तिच्या हातात द्यायचा होता. "घरी येणार नाही म्हणते," एवढंच ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. मला अगदी भरून आलं. मी म्हटलं, करू.

करू म्हणायला माझं काय जातं. माझी मजल व्हिस्की आणि सोड्याच्या पुढे कधी गेलेली नव्हती. तरी मी मोबाइलवर शिकलो. टकिला, लिंबाचा रस, संत्र्याची एक गोड दारू, बर्फ, काठाला मीठ. संत्र्याच्या त्या दारूचं दुकानदारानं नावसुद्धा ऐकलं नव्हतं. टकिला मात्र मागवून देतो म्हणाला.

बाटली आणायला नाना स्वतः आले. ओळखू येऊ नये म्हणून माकडटोपी आणि वरून मफलर, आणि तरी वाइन शॉपमध्ये पाय ठेवल्याबरोबर काउंटरवरच्या गर्दीचा श्वास बंद पडला. अर्धी कॉलनी तिथे होती. भजनी मंडळाचे तबलजी तर शोकेसकडे तोंड करून असे उभे राहिले, जणू शोकेसच घ्यायला आले होते. नानांनी कोणाकडे पाहिलं नाही. त्यांनी बाटली ट्यूबलाइटखाली धरली, उलटी केली, तळाशी गाळ बसतो का पाहिलं आणि दुकानदाराला विचारलं, यातलं एखादं नमुन्याचं नाही का. दुकानदार हात जोडून म्हणाला, नाना, तुम्ही म्हणाल तर दुकान बंद करतो.

मग नानांच्या स्वयंपाकघरात चाचण्या सुरू झाल्या. संत्र्याच्या दारूऐवजी मोसंबीचा रस आणि साखरेचा पाक घालायचं ठरलं. पण चव कोण घेणार? नाना तोंडाला लावणार नाहीत, अक्का तर बाटलीकडे पाठ करूनच पोळ्या लाटायच्या. राहिलो मी. देव्हाऱ्याकडे पाय होणार नाहीत असा पाट मांडून नाना मला बसवायचे, घोटभर पाजायचे आणि मग माझ्या तोंडाचा वास घ्यायचे.

"लिंबू पुढे गेलं," डोळे मिटून सांगायचे. "मोसंबी दबली. पुन्हा."

माझं तोंड त्यांची प्रयोगशाळा होऊन बसलं. बायकोनं पहिल्याच संध्याकाळी मला दारात अडवलं आणि कुठे ढोसून आलास, असं विचारलं. मी खरं ते सांगितलं, नानांकडे. ती म्हणाली, थाप मारायची तर निदान पटेल अशी मारावी. दुसऱ्या दिवशी ती भांडायला म्हणून नानांकडे गेली आणि नानाच लिंबं पिळत बसलेले पाहून तशीच परत आली. तिनं आमच्या झाडाची कागदी लिंबं धाडून दिली, मला एकही शब्द न बोलता.

पार्टीच्या दुपारी मळ्यात धूर, वांगी, माणसं, सगळं नेहमीसारखं होतं. नानांनी सीमाच्या लग्नात आहेर आलेला काचेच्या ग्लासांचा सेट आणला होता. त्या घरात तो अजून खोक्यातून बाहेर निघाला नव्हता. काठाला लिंबू फिरवून, मिठात बुडवून त्यांनी ग्लास मांडले, मधे बाटली उभी केली आणि मळ्यात कुजबूज सुरू झाली. सीमाच्या मामांना भाकरीचा ठसकाच लागला. एक आत्या म्हणाली, नानाचं डोकं फिरलं बाई. नाना मोसंब्या सोलत राहिले.

अडचण झाली ती बर्फाची. बर्फाची लादी भुशात गुंडाळून पोत्यातून आणली होती आणि ती फोडायला काही नव्हतं. मी इकडेतिकडे दगड शोधतोय, तोवर नानांनी भरताची बडगी ओढून घेतली. मी म्हटलं, नाना, यात आत्ताच लसूण ठेचलाय.

"बठ्ठं धुई काढेल शे," नाना म्हणाले, सगळं धुऊन काढलंय म्हणे, आणि मुसळ घातलं. आता लाकूड ते लाकूड, कितीही धुतलं तरी पोटात ठेवायचं ते ठेवतंच. पण हा माणूस आज काही तपासण्याच्या मनःस्थितीत नव्हता. त्याच बर्फावर त्यांनी टकिला, लिंबू, मोसंबी असं सगळं मापानं ओतलं.

तेवढ्यात गाडी आली. जावई उतरले, मागून सीमा. ती अक्कांच्या गळ्यात पडली, रडली, मामांना भेटली. मग नानांसमोर आली. हातभर लांब थांबूनच वाकली, तोंड बाजूला वळवून. मला स्पष्ट दिसलं, तिनं श्वास रोखून धरला होता. आमची कॉलनी धरते तसाच, पण आमचं ठीक आहे हो, आम्ही शेजारी. पोटच्या पोरीनं धरलेला पाहिला आणि मला नानांचा पहिल्यांदा राग आला आणि दयाही आली.

नानांनी ग्लास पुढे केला. "ले बेटा. तुन्हाकरता करेल शे."

सीमानं ग्लासाकडे पाहिलं, काठाच्या मिठाकडे पाहिलं. "मी घेत नाही, नाना," ती म्हणाली.

नाना ग्लास धरून तसेच उभे राहिले. मला वाटलं, संपलं. इतकी लिंबं, माझं यकृत, सगळं वाया. मग नानांनी तो ग्लास स्वतःच्या तोंडाला लावला आणि एक मोठा घोट घेतला. त्यांचा चेहरा असा काही झाला की अक्का उठून धावल्या. नानांनी त्यांना हातानं थांबवलं, डोळ्यांतलं पाणी खांद्याला पुसलं, अर्धं पाऊल पुढे गेले आणि मान लांब करून लेकीसमोर तोंड उघडलं.

"आते तू तपास," ते म्हणाले. "बठ्ठास्ना समोर."

सीमा हलली नाही. मग हळूच पुढे झाली आणि तिनं बापाच्या तोंडाचा वास घेतला. अगदी नानांसारखाच, डोळे मिटून.

"लसूण येतोय, नाना," ती म्हणाली.

"बडगीचा असेल," नाना अपराध्यासारखे म्हणाले.

"मग पास," सीमा म्हणाली. तिनं नानांच्या हातातून तो उष्टा ग्लास घेतला, मीठ उरलं होतं ती बाजू फिरवून घेतली आणि तिथेच, सगळ्या आत्या-मावशांसमोर, बापाच्या खांद्याला टेकून प्यायली. पुढे तिनं भरीतही मागून घेतलं. टकिलाला लसणाचा वास लागतो हे खरं आहे आणि तो वाईट लागत नाही, हे मी उरलेले ग्लास संपवून जबाबदारीनं सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन येताना नाना त्यांच्या फाटकाशी दिसले. मी सवयीनं हात जोडले आणि श्वास धरला. नाना पुढे आले नाहीत. लांबूनच त्यांनी नमस्कार घेतला, तोंडावर मफलर होता आणि तो हलतसुद्धा नव्हता, म्हणजे त्यांनीही श्वास धरला होता. मागे ओट्यावर हॉटेलात उतरलेली सीमा तोंडात ब्रश घालून उभी होती, अंगावर अक्कांची जुनी शाल.

"नाना," तिनं फेसाळ तोंडानं हाक मारली, "चहा निवतोय."

नाना मला तसंच सोडून घाईघाईनं आत गेले.