प्रश्न उद्भवत नाही

आमचे भाऊजी जेवायला बसले की माझी थोरली बहीण अक्का विचारायची, "आणखी पोळी वाढू?" भाऊजी म्हणत, "नाही." "मग भात?" "होय." "त्यावर तूप?" तूप डॉक्टरांनी बंद केलेलं. भाऊजी ताटावरची नजर न काढता म्हणत, "प्रश्न उद्भवत नाही."

हे ते गमतीनं बोलत नसत. गंमत या प्रकाराशी त्यांचा संबंध नव्हता. नामदार वामनराव घोरमाडे राज्याचे न्यायमंत्री होते. तुरुंग त्यांच्याकडे होते, शिवाय गृहमंत्र्यांना नकोशी झालेली पोलिसांची आणि परदेशी नागरिकांची प्रकरणंही त्यांच्याच गळ्यात पडत. विधानसभेत छापील प्रश्न येतो तो तुकड्यांनी येतो. हे खरे आहे काय; असल्यास शासनाने काय केले; नसल्यास विलंबाची कारणे काय. भाऊजी वर्षानुवर्षं त्या तुकड्यांना तुकड्यांनीच उत्तरं देत आले आणि शेवटी माणूसच तसा होऊन गेला. त्यांच्या मुलीला बघायला अमरावतीची मंडळी आली होती. मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, मुलीला गाण्याची आवड आहे का. भाऊजी म्हणाले, "माहिती मागविण्यात येत आहे." मंडळी चहा पिऊन गेली, ती पुन्हा आली नाहीत.

हिवाळ्यात सरकार मुंबईहून नागपूरला येई. आम्हा नागपूरकरांना तेवढे दिवस राजधानीत राहिल्याचं समाधान मिळे, आणि मंत्र्यांना संत्री. भाऊजींना सरकारी बंगला असे, पण तिथला स्वयंपाकी भाजीत गूळ घालायचा, म्हणून ते अक्काला घेऊन दोन्ही वेळा माझ्या धंतोलीच्या घरी जेवायला येत. मी जिल्हा कोर्टात वकिली करायचो. मंत्र्याचा मेहुणा म्हणून पक्षकार माझ्याकडे फार आशेनं येत आणि थोड्याच दिवसांत दुसरा वकील गाठत.

पोलिसांच्या बाबतीत भाऊजींचा हात कोणी धरला नसता. एकदा मोर्च्यावर लाठ्या चालल्या. विरोधकांनी गदारोळ केला. भाऊजी शांतपणे उठून म्हणाले, लाठीमार झालेला नाही, सौम्य बळाचा वापर झाला आहे. कोणीतरी विचारलं, मग अमुक अमुक माणसाचं डोकं कसं फुटलं? भाऊजींनी कागद चाळले आणि म्हणाले, "अध्यक्ष महाराज, सदर डोक्याबाबत माहिती मागविली आहे." सभागृह हसलं. भाऊजींना लोक का हसतात ते कळलं नाही. रात्री जेवताना त्यांनी मला विचारलं, "मधू, काहून हसले गा ते लोक?"

तुरुंग हा मात्र त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. बेचाळीस साली काटोलच्या पोरांनी तारा तोडल्या, त्यात हे होते, आणि पकडलेही गेले. नव्या जेलरला ते पहिल्या भेटीत सांगत, "तुम्ही इथं नोकरीला आलात, मी राहून गेलोय." आत असताना त्यांना ताप आला होता. तुरुंगाची भाकरी घशाखाली उतरेना. बरोबरच्या सोबत्यानं ती पाण्यात भिजवून, मऊ करून, घास घास करून त्यांना भरवली. ही गोष्ट ते प्रत्येक भाषणात सांगत. मी ती इतक्यांदा ऐकली की तिच्यातला फरक माझ्या ध्यानात येऊ लागला. सुरुवातीला ते म्हणत, "माझा मित्र कादर." फाळणीनंतर काही वर्षांनी ते "माझा एक मुसलमान मित्र" झालं. पुढे नुसतं "एक मित्र". आणि पासष्टच्या लढाईनंतर भाकरी "कोणीतरी" भिजवू लागलं.

हा कादर फाळणीच्या वेळी थोरल्या भावाच्या मागोमाग कराचीला गेला होता. तिथं जीव रमला नाही. आई आजारी पडल्याचं निमित्त झालं, तसा तिकडचा पासपोर्ट घेऊन तो आईला बघायला म्हणून काटोलला आला आणि राहिला. आई गेली, तरी राहिला. संत्र्याच्या बाजारात पेट्या भरायचा. खाली भाताचं तणस, वर संत्री, पुन्हा तणस. व्हिसा संपलाय हे साऱ्या काटोलला माहीत होतं आणि कोणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. मग लढाई झाली, आणि लोकांना एकाएकी वाटायला लागलं. पोलिसांनी त्याला उचललं. शिक्षा झाली, ती भोगून संपली, तरी त्याला सोडता येईना. दिल्लीनं राज्य सरकारला विचारलं, या माणसाला इथं राहू द्यावं की सीमेपार पाठवावं, तुमचा अभिप्राय कळवा. ते प्रकरण भाऊजींच्या टेबलावर आलं आणि तिथंच राहिलं. कादरही नागपूरच्या तुरुंगात राहिला.

त्याची बहीण जुबेदाबी काटोलहून एसटीनं माझ्याकडे यायची. मी तिला सांगितलं, कोर्टात आता करण्यासारखं काही नाही, सगळं माझ्या मेहुण्यांच्या हातात आहे. ती म्हणाली, मग तर सोपंच आहे, वामनला तो काही परका नाही. मलाही ते सोपं वाटलं. जेवताना मी विषय काढला. भाऊजी म्हणाले, माहिती मागवली आहे. मी विचारलं, कोणाची माहिती? ज्याच्या हातची भाकरी खाल्ली त्याची? अक्कानं माझ्याकडे डोळे वटारले. भाऊजी पाणी प्याले आणि हात धुवायला उठले. त्या दिवशी त्यांनी ताक घेतलं नाही.

पुढच्या अधिवेशनापर्यंत तेच चाललं. जुबेदाबी आली की मी तिला काय सांगावं या विचारानं अस्वस्थ व्हायचो. शेवटी एकदा ती माझ्या ओसरीवर बसून म्हणाली, "वकीलसाहेब, त्याले सोडा नाहीतर तिकडं पाठवा. पण काहीतरी सांगा. भेटाले गेली तर तो मलेच इचारते, काय झालं वं. मी काय सांगू त्याले?"

मग ती एका विरोधी आमदाराकडे गेली. आमदार सज्जन होते. त्यांनी मोठ्या कळकळीनं तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं तो, लिहून दिला. पण प्रश्न लिहायची रीत ठरलेली, आणि तिच्यात कळकळीला जागा नाही. छापून आलं ते असं: लढाई होऊन इतका काळ लोटला तरी एक पाकिस्तानी नागरिक नागपूरच्या तुरुंगात ठेवलेला आहे, हे खरे आहे काय, असल्यास त्याच्याबाबत शासनाने कोणता निर्णय घेतला, नसल्यास विलंबाची कारणे काय. वाचणाऱ्याला वाटावं, आमदारसाहेब त्याला हाकलायला निघालेत. दुसऱ्या चारजणांना तसंच वाटलं आणि ते बाह्या सरसावून तयार झाले. आमदार बिचारे सगळ्यांना समजावत हिंडले, की माझा हेतू तो नव्हता. हेतू छापलेला नसतो.

त्या दिवशी मी पास काढून गॅलरीत जाऊन बसलो. कादरचा प्रश्न यादीत होता, आणि त्याच्या आधी तुरुंगातल्या जेवणाबद्दल एक साधा प्रश्न होता. डाळ पातळ असते, हे खरे आहे काय. भाऊजी उठले. मला वाटलं, "नाही" म्हणून बसतील. ते बसलेच नाहीत. डाळीवरून ते भाकरीवर गेले, भाकरीवरून ज्वारीवर, ज्वारीवरून तुरुंगातल्या विहिरीवर. एक शब्द जास्त न बोलणारा हा माणूस कैद्यांच्या घोंगड्यांवर बोलला, वाफ्यातल्या वांग्यांवर बोलला. उपप्रश्न कोणी विचारत नव्हतं, तर आपणच "सन्माननीय सदस्य असंही विचारतील की" म्हणून विचारून घेत होता. अध्यक्षांनी आवरायला सांगितलं. भाऊजी म्हणाले, मुद्दा महत्त्वाचा आहे. सदस्य आधी हसले, मग जांभया देऊ लागले. प्रश्नोत्तरांचा तास संपला. कादरचा प्रश्न पुकारलाच गेला नाही. त्याचं लेखी उत्तर नियमाप्रमाणे सभागृहाच्या पटलावर ठेवलं गेलं, म्हणजे कोणी वाचायचं कारण उरलं नाही. एक: होय. दोन: माहिती गोळा करण्यात येत आहे. तीन: प्रश्न उद्भवत नाही.

मी तडक बंगल्यावर गेलो. भाऊजी मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांना पळपुटे म्हणालो, आणखीही बरंच म्हणालो. मेहुण्यानं भाऊजींना म्हणू नये असं सगळं म्हणून झालं. मग ते म्हणाले, "राहू द्या असं लिहिलं तर लढाईच्या दुसऱ्या वर्षी मी पाकिस्तानवाला ठरतो. मले तिकीट नाही भेटत. पाठवा असं लिहिलं तर तो जाते. मी काय लिहू, तूच सांग."

"म्हणून त्याला तुरुंगात सडवायचं?"

"नागपुरात तर आहे न गा," ते म्हणाले. "इथं तर आहे."

त्यांचा आवाज तेव्हा मंत्र्याचा राहिला नव्हता. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली याचाच मला जास्त राग आला. आपली खुर्ची आणि आपला मित्र, दोन्ही जपायची ही युक्ती त्यांना खरोखर माया वाटत होती. होतीही ती माया. फक्त तिचं भाडं कादर भरत होता.

पुढच्या वर्षी मंत्रिमंडळ बदललं. एवढी खुर्ची सांभाळली, ती गेलीच. आपल्याला वगळल्याचं भाऊजींना रेडिओवरून कळलं. नवे न्यायमंत्री तडफदार होते. त्यांनी साचलेली प्रकरणं भराभरा निकालात काढली, आणि वर्तमानपत्रांनी त्यांची वाहवा केली. कादरचा निकाल एका ओळीत लागला. थंडी ओसरता ओसरता त्याला दिल्लीमार्गे सीमेवर न्यायचं ठरलं.

स्टेशनवर मी जुबेदाबीला घेऊन गेलो. तिनं शिदोरी बांधून आणली होती. भाऊजी आधीच येऊन उभे होते. मोटार नाही, शिपाई नाही, धोतराचा सोगा हातात धरलेला. जुबेदाबीनं त्यांना पाहिलं आणि मान फिरवली. हवालदारानं मात्र ओळखलं आणि सवयीनं सलाम ठोकला.

कादर डब्यात मधल्या बाकावर, दोन पोलिसांच्या मध्ये बसलेला. केस सगळे पांढरे. भाऊजी प्लॅटफॉर्मवरून खिडकीच्या गजांना धरून उभे राहिले.

"वामन, तू तर म्हातारा झाला गा," कादर म्हणाला. "लय केलं तू माह्यासाठी. जुबेदा सांगे, वामनकडं कागद हाय म्हणून."

मला वाटलं, आता हे मान हलवून मोकळे होतील.

"मी काही नाही केलं," भाऊजी म्हणाले. "मले भेव वाटलं, कादर."

"मालूम हाय मले," कादर म्हणाला.

भाऊजींनी हवालदाराला हाक मारली. आवाज फार खाली आणून त्यांनी विनंती केली, की गाडी काटोलवरून जाते, तेवढ्यापुरतं याला खिडकीशी बसू द्या. हवालदार अवघडला. मागं एका कैद्यानं गाडीतून उडी मारली होती, तेव्हापासून कैद्याला खिडकीजवळ बसवायला मनाई होती. "हुकूम हाय, साहेब," तो म्हणाला. "तुमच्याच सहीचा हाय."

भाऊजींनी गज सोडले नाहीत.

"राहू दे गा," कादर आतून म्हणाला. "संत्र्याले बहार आला असन आता. वासानंच समजन मले."

गाडी हलली. जुबेदाबी डब्याबरोबर चार पावलं चालली, थांबली, डोळ्यांना पदर लावला आणि कोणाशी न बोलता बसस्टँडकडे निघून गेली. मी भाऊजींना म्हटलं, चला, घरी अक्का वाट पाहत असेल. त्यांनी ऐकलं नाही. समोरच्या बाकावर जाऊन बसले.

"मधू, काटोलले थांबते का ही?"

"नाही थांबत."

ते रुळांकडे बघत बसून राहिले. दुसऱ्या गाड्या आल्या आणि गेल्या, हमालांनी त्यांना पाय वर घ्यायला लावले, कोणीतरी शेजारी संत्री सोलून सालं टाकून गेलं. मी दोनदा चहा आणला, तो त्यांनी बाजूला ठेवला. बऱ्याच वेळानं त्यांनी स्टेशनच्या घड्याळाकडे पाहिलं.

"काटोल गेलं असन आता," म्हणाले, आणि उठले.