कादिरसरांची आई

डोक्यावर बायकोची ओढणी, गळ्यात शिट्टी आणि ओठांवर भरघोस मिशी, अशा अवतारात आमचे पीटीचे कादिरसर शाळेच्या मैदानात बसून खोट्या भाकऱ्या थापत होते. कोणी हसलं की शिट्टी वाजायची. "आईला हसतोस? मार फेऱ्या."

आमची शाळा रत्नागिरीजवळ खाडीकाठी. बहुतेक पोरं कोकणी मुसलमान मच्छीमारांची. मी तिथे मराठी शिकवते. मागे व्यसनमुक्तीवर बोलायला शहरातून एक पाहुणे आले. त्यांनी दारूच्या बाटल्यांची चित्रं दाखवली. पोरं निवांत. आमच्यात कोण पीत नाय, म्हणाली. पण पाहुण्यांनी लावलेल्या पोस्टरवरच्या नशेबाज पोराच्या डोक्यावर जाळीची टोपी होती. ती बघून सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

कादिरसरांनी पाहुण्यांना चहा पाजला, एसटीत बसवून दिलं आणि परत येऊन पोस्टर उतरवलं. "बाई, आमच्या पोरांचं दुखणं गुटखा आणि नशेच्या गोळ्या," म्हणाले. "ते त्यांच्या बोलीत सांगाया हवं."

मग त्यांनी नाटक काढलं. इमामसाहेबांना विचारलं, पोरांच्या आयांना विचारलं. आईचं काम करायला कोणी मुलगी तयार होईना, तेव्हा ते स्वतःच घेतलं. संवाद माझे. "बाई, हे पुस्तक बोलतंय, आई नाय," हा त्यांचा ठरलेला शेरा.

एका जागी मात्र ते अडायचे. मुलाच्या खिशात गोळ्या सापडतात आणि आई त्याला फैलावर घेते, असं मी लिहिलं होतं. प्रत्येक तालमीत सर तिथे गप्प. शेवटी मी वैतागले. आईने इथे ओरडायला नको का, असं विचारलं.

सर ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. "माझी नव्हती ओरडली," म्हणाले.

मी ते संवाद खोडून टाकले.

प्रयोगाला सगळा मोहल्ला लोटला. मिशीवाली आई बघून लोक पोट धरून हसले. मग गोळ्या निघाल्या. सरांनी त्या मुठीत धरल्या, पोराकडे बघितलं आणि विचारलं, "जेवलास काय रे?"



नंतर आम्ही खुर्च्या उचलत असताना दहावीतला सोहेल सरांजवळ येऊन उभा राहिला. खिशातला हात बाहेर काढेना. सरांनीही काही मागितलं नाही, त्याच्या शेजारी पायरीवर बसून राहिले. बऱ्याच वेळाने तो बोलायला लागला.

दुसऱ्या दिवशी सर त्याला आणि त्याच्या आईला घेऊन डॉक्टरांकडे गेले. कसं झालं, म्हणून मी विचारलं. आई रडली, सोहेल नाही रडला, असं त्यांनी सांगितलं.

"मग दवाखान्याच्या मागे जाऊन मी," म्हणाले, आणि शिट्टी वाजवत मैदानात गेले.