सटवोजींच्या पाटीतील वहाणा

श्री। ज्याचे कान सुपाएवढे, आणि जो थोरामोठ्यांचे ऐकतो तैसे उंदराचेही ऐकतो, त्या गजाननास दंडवत घालोन लिहितो. शके सत्राशे एक, विकारी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी राज्यात नवल वर्तले. महाराजांनी दरबारी आज्ञा केली की, आजवर आमचा एकट्याचा शब्द चालिला, आता रयतेने ठरवावे. आणि रीत ऐसी घातली की, प्रश्न पडेल तेव्हा ज्याने त्याने चौकात यावे आणि आपला वहाणांचा जोडा पसंतीचे बाजूस ठेवावा. आणि ज्यास येणे न घडे त्याने विश्वासू माणसाजवळ जोडा द्यावा, मग त्याने तो पाटीत घालोन डोईवर वाहोन आणावा, गाडीघोड्यावर नव्हे. पहिला प्रश्न पडला तो विहिरीचा, वरल्या आळीस खणावी की खालच्या? आम्ही वरल्या आळीचे, आणि आमच्या बायका घागरी घेऊन चढण चढतात, हे सर्वांस ठाऊकच.

मग आम्ही ओसरी झाडोन बसलो, की आता लोक जोडे घेऊन येतील. दप्तरात आमचे अक्षर मोत्यासारखे, आणि सभेत बोलावयास उभे राहिलो तर कोणाची छाती नाही. आला तो एक मेहुण्याचा जोडा, तोही अंगठा तुटका, "वरलीकडे ठेवा" ऐसे सांगोन. आणि सटवोजी गाडवे, दप्तरात आमचेच शेजारी बसणार, अक्षर कोंबडीच्या पायाचे, राहणार खालच्या आळीचे, त्यांचे दारी जोड्यांची रास. काय पाहिले लोकांनी त्या माणसात? नाकी ना डोळी, बोलताना अडखळतो. आमचा जीव जळला, तो झाकोन काय उपयोग. आणि सभेचे दिवशी सकाळी ते पाटी घेऊन आमच्या दारावरून गेले, आणि पाटीत सर्वांवर हिरव्या गोंड्यांच्या वहाणा, त्या आमच्या कुटुंबाच्या. अंगाचा तिळपापड जाहला. आत जाऊन पुसिले, "घरचा माणूस सोडोन परक्याजवळ जोडा दिलास?" ती म्हणाली, "माझं काय म्हणणं आहे, ते तुम्ही कधी पुसलंत? ते दारी येऊन पुसून गेले." "मग काय सांगितलेस?" "वरलीकडे म्हटलं. घागर मी आणते." आणि भाकरी थापीत राहिली.

मग आम्ही फणफणत चौकात गेलो, आणि पाहतो तो सटवोजी पूर्वेस, वरल्या आळीचे बाजूस, जोडे मांडीत आहेत. मनात आले की, हा खालच्या आळीचा, आणि आमच्या आळीत नाव मिळवू पाहतो. तो पूर्वेस तर आम्ही पश्चिमेस, खालच्या आळीचे बाजूस. आणि आपला जोडा नि मेहुण्याचा जोडा, दोन्ही पश्चिमेस ठेविले. मग सटवोजींनी उरलेली पाटी उचलिली, आणि ज्यांनी पश्चिम सांगितली होती त्यांचे जोडे पश्चिमेस मांडिले, आणि शेवटी आपला स्वतःचा जोडा पश्चिमेस, आमच्या जोड्यालगत ठेविला, आणि आम्हांकडे पाहोन हासले. आमच्या दोन जोड्यांनी पारडे फिरले आणि विहीर खालच्या आळीस गेली. मेहुणे बोलेनासे जाहले. कुटुंब घागर घेऊन चढण चढू लागली, आणि सटवोजी मात्र दोन्ही आळ्यांत गोड राहिले.

पुढे माघात खालच्या आळीस कातळ लागला, पहारी वाकल्या, आणि प्रश्न फिरोन चौकात आला. तेव्हा कुटुंबाने हिरव्या गोंड्यांच्या वहाणा स्वतःच पायी घातल्या, आणि भावाचा जोडा पाटीत ठेविला, आणि आळीतल्या म्हाताऱ्यांचे जोडे ठेविले, आणि उंबऱ्यापाशी आमचा जोडा हाती घेऊन पुसती जाहली, "तुमचं काय म्हणणं आहे?" ऐसे आम्हांस जन्मात कोणी पुसिले नव्हते, आणि आम्हीही कोणास नव्हते. "वरलीकडे," म्हटले. तिने जोडा पाटीत घातला आणि निघाली. आम्ही अनवाणी दारात उभे, आणि पाहतो तो वळणावर सटवोजी आपली पाटी घेऊन आले, आणि दोघे बोलत बोलत चौकाकडे गेली.

तात्पर्य, विहीर वरल्या आळीस जाहली, पाणी गोड लागले, महाराज संतोष पावले. आमचा जोडा आता जिकडे जाणे तिकडे कुटुंबाच्या पाटीतून जातो. सटवोजींचा मत्सर मात्र आम्ही अजून जातीने वाहतो, तो कोणाच्या पाटीत घातला नाही. लेखनसीमा.