नऊ गाणी आणि एक दाखला

कान तपासण्याच्या दवाखान्यातील ध्वनिरोधक खोली सहा फूट लांब आणि चार फूट रुंद होती, आणि त्या दुपारच्या सुट्टीत तिच्यात तीन माणसे, एक माइक आणि एक गंजका लोखंडी पाइप एवढा ऐवज मावला होता. ‘गळती’ या हिप-हॉप गटाच्या पहिल्या अल्बमचे नववे आणि शेवटचे गाणे तिथे पुरे होत होते. गटातील भाची याच दवाखान्यात श्रवणतपासनीस होती. तिच्या आत्याने बत्तीस वर्षे शाळेत भूमिती शिकवली होती आणि आता ती रॅप करीत होती. पाइपवर ठेका धरणारा प्लंबर, ज्याला सगळे ‘पाना’ म्हणत, आत्याचाच जुना विद्यार्थी. भूमितीत तो दोनदा नापास झाला होता. परंतु ठेक्यात त्याची एक मात्राही चुकत नसे.

गाण्यांतील शब्द गटाचे नव्हते. पाणीपुरवठा खात्याकडे नागरिकांनी केलेल्या नऊ तक्रारी आत्याने तारखांसकट घेतल्या होत्या. तिने फक्त यमके जुळवली होती. पाइपही खात्याचाच होता, भोकासकट.

ध्वनिमुद्रण संपते न संपते तोच डॉक्टर दारात आले.

“आवरा तुमचा धिंगाणा. पाणीपुरवठ्याचे साहेब आलेत. दाखला हवाय त्यांना.”

“कसला?” भाचीने विचारले.

“बहिरेपणाचा.”

प्रकरण असे होते. नागरिकांच्या चौदा बैठकांत केलेल्या तक्रारींवर काहीच का झाले नाही, असे चौकशी समितीने विचारल्यावर साहेबांनी उत्तर दिले होते की, कान अधू असल्यामुळे त्या त्यांना ऐकूच आल्या नाहीत. समितीने पुरावा मागितला होता.

“सत्तर डेसिबलखालचं ऐकू येत नाही असं टाक आणि मोकळी हो,” डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले. “सही तुझी लागते, नाहीतर मीच केली असती.”

“आधी मोजते, डॉक्टर.”

“मोज की. पण सत्तरच टाक. नाहीतर ही खोलीही विसर आणि नोकरीही.”

साहेब खोलीत शिरले. हेडफोन लावले गेले, हातात बटण दिले गेले. आवाज ऐकू आला की बटण दाबायचे, एवढेच काम. काचेबाहेर यंत्रापाशी भाची बसली. आत्या आणि पाना मागच्या बाकावर. सत्तर डेसिबलपर्यंत साहेबांचे बोट हलले नाही. भाचीच्या भुवया वर गेल्या. खरोखर कमी ऐकू येणारा माणूस अधूनमधून भास होऊन उगाच बटण दाबतो. साहेब एकदाही चुकले नव्हते.

दुसरी चाचणी शब्दांची. हेडफोनमधून मुद्रित शब्द ऐकवायचे. रुग्णाने ते ऐकून परत म्हणायचे. हे यंत्र एकाच फोल्डरमधील ध्वनिफिती वाजवीत असे, आणि चांगल्या हेडफोनवर ऐकता यावीत म्हणून गटाने आपली गाणी तिथेच ठेवली होती. यादीत सर्वांत नवी फीत सर्वांत वर येई. भाचीचे लक्ष मागे उभ्या असलेल्या डॉक्टरांकडे होते. तिने आवाज तीस डेसिबलवर, म्हणजे कुजबुजीइतका, ठेवला आणि न पाहताच वरची फीत सुरू केली.

बाहेर गाणे ऐकू येत नव्हते. फक्त खोलीतल्या माइकवरून साहेब ऐकू येत होते.

“पाच महिने नाही, चारच,” साहेब म्हणाले.

भाचीने मान वर केली.

“गढूळ येतं, पण येतं की. येतच नाही कसं म्हणता?”

“ताई,” पाना पुटपुटला, “हे दुसऱ्या कडव्याला उत्तर देतायत.”

भाचीने पडद्याकडे पाहिले आणि तिचा हात बंद करायच्या खुणेकडे गेला. आत्याने तिचे मनगट धरले.

“थांब गं. पोरगं तोंडी परीक्षेत बोलायला लागलं की मध्ये बोलू नये.”

“आणि या तक्रारवाल्या बाईला मी तिसऱ्या बैठकीतच सांगितलं होतं, फाइल वर पाठवलीय म्हणून,” साहेब काचेआडून गरजले.

मग हेडफोन आदळून ते बाहेर आले. “कुणी भरलं हे यात? बदनामी आहे ही. तक्रार करतो. हे गाणं बंद, आणि हिची नोकरीही बंद.”

डॉक्टर यंत्राकडे धावले. “पुसून टाक सगळं. आत्ताच्या आत्ता.”

“नाही पुसणार,” भाची म्हणाली. तिने छापील कागद ओढला, ‘दोन्ही कान निर्दोष’ असे लिहिले, सही केली आणि साहेबांपुढे धरला. “तुमचा दाखला.”

“तक्रार मात्र जरूर करा, साहेब,” आत्या शांतपणे म्हणाली. “मजकूर मी सांगते. ‘हे गाणं मला तीस डेसिबलला शब्दन् शब्द ऐकू आलं.’ खाली सही. आता ऐकूच आलं नसेल, तर बदनामी कशी कळली? दोन्हींतलं एकच सिद्ध होतं. कुठलं घ्यायचं ते ठरवा.”

साहेबांनी दाखल्याची घडी घालून तो खिशात टाकला.

“काय म्हणालात?” साहेब म्हणाले. “मला ऐकू नाही आलं.”

भाचीची नोकरी टिकली. काढायचे तर कारण लेखी द्यावे लागले असते, आणि ते कारण कागदावर उतरवायला ना डॉक्टर तयार होते, ना साहेब. खोली मात्र गेली.

समितीपुढे साहेबांनी दाखला दिलाच नाही. कान आपोआप सुधारल्याचे निवेदन केले. समितीने त्यांचे अभिनंदन केले आणि आदेश काढला: ज्या तक्रारी साहेबांना पूर्वी ऐकू आल्या नव्हत्या, त्या सर्व तक्रारदारांनी त्यांच्यासमोर पुन्हा मोठ्याने वाचाव्यात.

ठरलेल्या दिवशी सभागृहात तक्रारदारांच्या वतीने आत्या कागद घेऊन उभी राहिली.

“किती वेळ लागेल, बाई?” कारकुनाने विचारले.

“एकतीस मिनिटं. नऊ तक्रारी आहेत.”

“आणि हा पाइप कशाला?”

“पुरावा,” पाना म्हणाला आणि त्याने पाइप मांडीवर नीट टेकवला.

पहिला ठोका पडला. साहेब दचकले. मागच्या रांगेत बसलेल्या भाचीने सवयीने वही उघडली आणि लिहिले: प्रतिसाद आहे.