माळवदाखालचं ताट

नवं घर बांधून झालं की आमचे आबा त्या घरात सगळ्यांच्या आधी जेवायला बसत, आणि नेमक्या त्याच वेळी डोक्यावरच्या माळवदावर वीस घागरी पाणी ओतायला लावत. घरमालक जीव मुठीत धरून दारात उभा, गडी शिडीवर, आणि आबा मधल्या खणात मांडी घालून पुरणपोळी खातायत. वर धबाधबा पाणी, खाली यांची फर्माईश, "तूप वाढा की जरा."

आबा म्हणजे माझे आजोबा. निजामाच्या राज्यात सोनपेठच्या आसपास त्यांनी किती घरं उभी केली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. भिंती काय, कोणीही रचतं. पण पांढरी माती धुमसून केलेलं सपाट छत, म्हणजे माळवद, ते आबांनीच करावं. कोणी लेखी हमी मागितली तर म्हणायचे, "कागद कशाला? गळालं तर माझ्या ताटात गळंल."

तहसिलीतल्या एका पेशकारसाहेबांचं घर आबांनी बांधलं, पण त्यांना हा तमाशा मुळीच मंजूर नव्हता. "मिस्त्री, दिमाग खराब हुआ क्या? नया घर भिगाते?"

आबांनी घास गिळला. "साब, बारिश मेरेकू पूछके नै आती."

पण दैव असं खट्याळ, की त्याच दिवशी आबांच्या आमटीत एक थेंब पडला. साहेबांनी तो पाहिलाही नव्हता. आबांनी अर्ध्या ताटावरून उठून हात धुतला आणि तो अख्खा खण उकरून नव्याने केला. पुढे आठ दिवस आमच्या घरात आमटीचं नाव काढायची सोय नव्हती.

आबांचं शेवटचं काम माझ्या आत्याचं घर. आत्या लग्नानंतर तीन वर्षांत कपाळ पुसून माहेरी आली होती. गाव म्हणालं, एकट्या बाईला घर कशाला? भाऊ सांभाळील. आबा म्हणाले, "भाऊ चांगलाच हाय. पर भावाचं घर भावजयीचं असतंय." हे ते माझ्या आईसमोर बोलले. त्यानंतर आईने त्यांना पंधरा दिवस हाताने चहा दिला, तोंडाने नाही.

तोवर आबांचे हात कापायला लागले होते. वडील म्हणाले, "दुसरा गवंडी बघू." आबांनी उत्तरादाखल माती चोपायची धुम्मस उचलली. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या वाड्याशेजारच्या जागेत दोन खणांचं घर उभं राहिलं. अख्खी गल्ली बघायला लोटली. म्हातारा चुकतो का, हेच बघायला. खोटं कशाला बोलू?

ताट मांडलं. आबा त्यावर बसलेच नाहीत. आत्याला म्हणाले, "तू बस. मालकीण तू हायस." आणि स्वतः शिडी चढून गेले.

वीस घागरी झाल्या. आत्याचं ताट कोरडं. लोकांनी माना डोलावल्या. आबा म्हणाले, "अजून आणा." तीस झाल्या, चाळीस झाल्या. आमच्या आडाचा पोहरा गाळ उपसायला लागला. मी परकर खोचून पाणी शेंदत होते. माझे तळहात सोलून निघाले.

शेवटी वडील खालून ओरडले, "आबा, बस करा! एवढा पाऊस तर सालभरात पडत न्हाई."

"एक साल न्हाई बघायलोय मी," आबा वरून म्हणाले. "मी गेल्यावर बी पाऊस पडणारच हाय की. तवा वर कोन चढंल हिच्यासाठी?"

माझी आई, मागे पंधरा दिवस मुकी राहिलेली, पदर खोचून आडाकडे गेली आणि तिने स्वतः एक घागर भरून वर दिली. आबांनी तीही ओतली.

आतून आत्याचा आवाज आला. रडतच होती, पण ठणठणीत आवाजात म्हणाली, "आबा, दोन पोळ्या खाल्ल्या मी, तिसरी जात न्हाई. कुठंच गळंना. आता उतरा."

आबा उतरले. दारात क्षणभर थांबले, आत पाऊल टाकायच्या आधी लेकीकडे बघून म्हणाले, "येऊ का?"

"या की," आत्या म्हणाली, आणि उठून तिने आपल्या घरातला पहिला पाट बापासाठी मांडला.