मास्तर, कॅम्पर मागे घ्या!

गाडी मागे कशी घ्यायची, हे या शहरात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही! ही बढाई नव्हे, माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवरच तसं लिहिलंय. पाटी मीच रंगवून घेतली, हा भाग वेगळा. पण आमच्या गल्लीतला दूधवाला घ्या, दंतवैद्य घ्या, फोटोग्राफर घ्या, सगळे माझ्या हाताखालून गेलेत. शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसायचं, पायाखाली माझा वेगळा ब्रेक, आणि तोंडाचा पट्टा सुरू! "मान वळव! आरसा कशाला दिलाय, भांग पाडायला? घाई कुणाला आहे?" एवढ्या भांडवलावर मी संसार उभा केला.

अपवाद एकच. आमची बायको! लग्नानंतर तिला शिकवायला घेतलं होतं. पहिल्या वळणावर मी ओरडलो, दुसऱ्या वळणावर ती ओरडली आणि तिसऱ्या वळणावर रस्त्याच्या मधोमध गाडी सोडून ती चालत घरी गेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पुढे ती हॉस्पिटलात मेट्रन झाली. जिच्या चपलांचा आवाज आला की पेशंट सोडा, डॉक्टरसुद्धा सरळ बसतात, तिला पुन्हा शिकवायची माझी काय टाप!

तर झालं असं, की बाईसाहेब निवृत्तीला आल्या. लेक नोकरीसाठी लांब गेलेली, घरात आम्ही दोघंच. मी मनात मांडे खात होतो की आता दोघं मिळून मनसोक्त फिरायचं. आजवर कधी जमलंच नव्हतं. तिला सुट्टी असली की माझी बॅच, मला सुट्टी असली की तिची ड्यूटी. आणि एके दिवशी ती जेवताना शांतपणे म्हणाली, "हॉस्पिटलवाले आणखी दोन वर्षं राहा म्हणतायत. विचार करतेय, राहावं."

माझा घास तोंडातच फिरायला लागला.

"अगं, पण का?"

"मग घरी बसून काय करू? तुमच्या आरोळ्या ऐकू?"

हे मात्र लागलं. त्या आठवड्यात एका गाड्यांच्या मासिकात मला ते चित्र दिसलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला.

"कॅम्पर घेऊ या!" मी जाहीर केलं. "गाडीच्या मागे जोडायचा. टिअरड्रॉप म्हणतात त्याला. आडव्या थेंबासारखा आकार, आत दोघांपुरता बिछाना, मागचं झाकण उचललं की स्वयंपाकघर! आणि इतका हलका, की आपली स्कूलची गाडी हसत ओढेल. खडक असोत, ओढे असोत, कुठंही चल म्हणावं!"

"म्हणजे चाकांवरचा डबा."

"डबा काय म्हणतेस!"

"बरं. आणि बाथरूम?"

"निसर्ग!" मी हात पसरून म्हणालो.

न धुतलेल्या थर्मामीटरकडे ती जशी बघत असेल, तशी तिनं माझ्याकडे बघितलं. पण आली बरोबर, हे महत्त्वाचं.

शोरूममध्ये तिनं आधी गादीखाली बोट फिरवून धूळ आहे का ते पाहिलं. मग फटी, मग बिजागऱ्या. विक्रेता मोठा बोलघेवडा होता, पण तिच्यापुढे त्याचीही बोबडी वळली. "जरा पडून बघा ना, मॅडम," एवढंच तो कसाबसा म्हणाला. ती चपला नीट जोडीनं बाहेर काढून आत शिरली. आम्ही दोघं टायर किती जाड, खालून जमिनीपासून उंची किती, असल्या पुरुषी गप्पा मारत राहिलो. थोड्या वेळानं आत डोकावलो, तर बाईसाहेब गाढ झोपलेल्या!

शेजाऱ्यांकडे चमचा पडला तरी जागी होणारी ही बाई! कपाळावर कायमचा मुक्काम ठोकून असलेली आठीसुद्धा गायब. मी विक्रेत्याला खुणेनं गप्प केलं आणि तिथंच उभा राहिलो. खरं सांगतो, टायर गेले खड्ड्यात, कॅम्पर मी त्या झोपेसाठी घेतला.

कॅम्पर गाडीला जोडून देताना विक्रेता म्हणाला, "साहेब, मागे घ्यायचा थोडा सराव करून जाता का? आमचं मैदान आहे. याचं जरा उलटं असतं..."

"तुम्ही कुणाशी बोलताय?" मी गाडीच्या टपावरच्या स्कूलच्या बोर्डाकडे बोट दाखवलं. तो बिचारा बाजूला झाला.

वाटेत तिनं अट घातली. "शनिवार-रविवार मला फिरवून आणा. हे प्रकरण तुम्हाला ओढायला जमलं, तर सोमवारी हॉस्पिटलला नाही म्हणून कळवते. नाही जमलं, तर मी दोन वर्षं तिथं, आणि हा डबा विकायचा."

"मंजूर!" मी म्हणालो. असला सोपा पेपर आयुष्यात कुणी काढला नसेल!

घराच्या फाटकातून कॅम्पर उलटा आत घ्यायचा होता. मी मान वळवली, आरसा पाहिला, चाक फिरवलं. जन्मभर फिरवलं तसंच. कॅम्पर गेला बरोबर विरुद्ध बाजूला, थेट दंतवैद्याच्या कुंड्यांमध्ये! पुढे घेतला, पुन्हा मागे. या वेळी फोटोग्राफरच्या पायरीला जाऊन टेकला. तिसऱ्या खेपेला गाडी आणि कॅम्पर, हात कोपरात दुमडावा तसे दुमडले आणि अख्खी गल्ली बंद! मागे दूधवाला अडकला, त्याच्यामागे आणखी चार गाड्या. हॉर्नचा नुसता गजर!

आणि मग बाल्कनीतून दंतवैद्याचा आवाज आला. "मास्तर, मान वळवा!"

"आरसा कशाला दिलाय मास्तर, भांग पाडायला?" दूधवाला.

"घाई कुणाला आहे!" फोटोग्राफर.

माझंच सगळं मला व्याजासकट परत मिळत होतं! बरं, सांगणारे दहा आणि दहाही माझेच विद्यार्थी, त्यामुळे प्रत्येकजण अगदी ठासून चुकीचं सांगत होता. शेवटी कॅम्पर गाडीपासून सोडवला आणि सगळ्यांनी मिळून हातानं ढकलत आत घेतला. "हलका आहे हो मास्तर, वस्तू चांगली घेतलीत," दंतवैद्य हात झटकत म्हणाला.

बायको दारात हाताची घडी घालून उभी होती. "याला जमणं म्हणत नाहीत."

"अगं, दोष फाटकाचा आहे! जंगलात फाटकं असतात का?"

शनिवारी सकाळी निघालो. मी गाडी चालवणार, म्हणजे ती माझ्या सीटवर बसणार. माझ्या त्या सीटवर, माझ्या त्या ब्रेकसमोर! शहराबाहेर एक ट्रक जवळून गेला मात्र, गाडी खाडकन थांबली. माझं नाक स्टीअरिंगला.

"ब्रेक का दाबलास?"

"तुम्ही वेगात होतात."

"तो ब्रेक फक्त संकटकाळी दाबायचा असतो!"

"मग? तुम्ही चालवताय ना?"

असे आम्ही दर थोड्या अंतरावर थांबत निघालो. टपावर ड्रायव्हिंग स्कूलचा बोर्ड, मागे शिकाऊची खूण, त्याच्याही मागे हेलकावणारा कॅम्पर. पुढे जाणारा प्रत्येकजण आत वाकून बघायचा. एका आजीबाईंनी तर खिडकीतून हात हलवून मला धीर दिला!

शेवटी व्हायचं तेच झालं. एका पोलिसानं हात केला. गाडी थांबली, तो आला आणि वाकून बोलायला लागला तो बायकोच्या खिडकीशी!

"बाई, शिकाऊ माणसाला ट्रेलर जोडून हमरस्त्यावर आणलंत?"

"साहेब, शिकाऊ नाही, मी स्वतः..." मी सुरुवात केली.

"तुम्ही गप्प बसा! शिकणाऱ्यानं आधी ऐकायला शिकावं." मग पुन्हा तिच्याकडे वळून, आवाज एकदम मऊ करून, "कमाल आहे हं तुमच्या संयमाची. या वयात शिकायला येतात, हात वळत नाहीत, आणि वर तोंड असतं."

मी लायसन्स काढायला खिशात हात घातला. तिनं तो वरच्यावर दाबून धरला.

"काय करणार साहेब," ती म्हणाली, "पदरी पडलंय. डोकं वाईट नाही हो त्यांचं. फक्त ऐकत नाहीत."

"सावकाश न्या, बाई," पोलिस म्हणाला आणि त्यानं तिला चक्क सलाम ठोकला. जिला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, तिला!

पुढच्या वळणापर्यंत ती कशीबशी थांबली आणि मग जी हसत सुटली! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पोट धरून. असं हसताना तिला मी किती वर्षांनी पाहत होतो, मलाच आठवेना. अपमान गिळला. तसा गोडच लागला तो.

डांबरी रस्ता संपला आणि कॅम्परनं आपली करामत दाखवली. खडक आले, ओढा आला, चाकभर चिखल आला, पठ्ठ्या आमच्यामागे बिनतक्रार येत होता. माझी छाती फुगत चालली. तेवढ्यात फाटा आला.

"तळं उजवीकडे," ती म्हणाली. "पाटी आहे तिथं."

"गाडी कोण चालवतंय?" मी म्हणालो आणि डावीकडे वळलो. डावीकडची वाट जास्त रुबाबदार दिसत होती, दुसरं कारण नाही.

वाट उतरत गेली, अरुंद होत गेली, दोन्हीकडे खडकांच्या भिंती, आणि समोर दरड कोसळून पडलेला दगडांचा ढीग. पुढे जाता येईना, वळवता येईना. राहिलं काय? मागे घेणं!

एकदा घेतला, डावा खडक. पुन्हा घेतला, उजवा खडक. चाक इकडे फिरवायचं हे डोक्याला कळत होतं, पण हात जन्मभराच्या सवयीनं तिकडेच जात होते. सोडवून ढकलावा, तर चढावर ढकलायला ना दूधवाला, ना दंतवैद्य. घामानं निथळून मी खाली उतरलो आणि दगडावर बसलो.

"सोमवारी त्यांना हो म्हणून सांग," मी म्हणालो. "नाही जमत मला."

बोललो आणि आतून अगदी रिकामा झालो. दोन वर्षं गेली, आणि तिची ती शांत झोपही गेली.

तिनं कॅम्परभोवती एक चक्कर मारली. मग हात पुढे केला. "किल्ली द्या."

"तुला? अगं, तुला सरळसुद्धा चालवता येत नाही!"

"सरळ जायचंय कुठं? मागेच जायचंय ना?"

मी किल्ली दिली. मी जाऊन माझ्या सीटवर बसलो. पायाला ब्रेक लागला आणि दिवसभरात पहिल्यांदा जीव भांड्यात पडला. तोंड आपोआप उघडलं. "मान..."

तिनं नुसतं बघितलं.

"सांगू ना?" मी विचारलं.

"सांगा. ओरडू नका."

क्लच कसा सोडायचा ते मी सांगितलं, हळू आवाजात, जवळजवळ कुजबुजत. गाडी दोनदा बंद पडली, मी हूं की चूं केलं नाही. मग तिनं चाक एका बाजूला फिरवलं, कॅम्पर दुसऱ्या बाजूला गेला. "अच्छा, असं असतं होय," ती म्हणाली आणि तसंच फिरवत राहिली. तिची पाटी कोरी होती हो! गाडी मागे घेणं म्हणजे हेच, अशी तिची समजूत. मला जे उलटं होतं, तेच तिला सुलट! खडकाला न शिवता कॅम्पर हळूहळू चढ चढत गेला आणि फाट्यावर जाऊन उभा राहिला. माझा पाय ब्रेकवर होता, पण दाबला नाही. एकदासुद्धा नाही!

"एवढंच असतं हे?" ती म्हणाली. "आणि याच्यासाठी तुम्ही इतकी वर्षं लोकांवर ओरडता?"

तळ्याकाठी मागचं झाकण उघडून तिनं चहा केला. दुसऱ्या दिवशी ऊन पार गादीवर आलं तरी ती झोपलेलीच होती. मी बाहेर खुर्ची टाकून पहारा दिला. एक पाखरू टपावर येऊन फारच किलबिल करायला लागलं, त्याला हाकललं.

सोमवारी सकाळी तिनं हॉस्पिटलला फोन लावला. अट मी हरलो होतो. नुसता कान देऊन बसलो.

"नाही, नाही जमणार मला," ती फोनवर सांगत होती. "छे हो, त्यांना कुठलं जमतंय? कॅम्पर मागे घेताच येत नाही त्यांना. म्हणून तर नोकरी सोडतेय. बरोबर कुणीतरी नको का मागे घ्यायला!"

मंडळी, मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. मग बाहेर येऊन ऐटीत म्हणालो, "उद्यापासून सकाळची पहिली बॅच तुझी! लायसन्स काढून टाकू."

"मी घातलंय नाव."

"माझ्या स्कूलमध्ये?"

"चौकातल्या नव्या स्कूलमध्ये. तिथल्या बाई ओरडत नाहीत म्हणे."

आता त्या बाईंनी दारावर ठळक अक्षरांत लिहून टाकलंय, 'मास्तरीणबाईसुद्धा आमच्याकडेच शिकतात!' माझे निम्मे विद्यार्थी तिकडे पळाले. काल मी तडक त्यांच्याकडे गेलो. भांडायला नव्हे हो. ट्रेलर मागे घ्यायला शिकवता का, एवढंच विचारायला.

"शिकवतो की आम्ही," बाई म्हणाल्या. "सकाळच्या बॅचला एक जागा आहे. आणि मास्तर, अवघड वाटलं तर घाबरू नका, शेजारी तुमच्या मिसेस असतील."