काळजीवाहूचा चार्ज

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर पात्र काळजीवाहू बसल्याशिवाय आत सुरी उचलायची नाही, असा नियम आहे. दारावरचा लाल दिवा त्या बाकावरच्या माणसाच्या काळजीवर लागतो. त्याला वायर नाही, बटण नाही. दिवा लागला की कापायचं, विझला की हात थांबवायचा. पेपरात जे काळजीवाहू मुख्यमंत्री येतात ते निराळे. त्यांना बाकावर बसवलं तर दिवा लागेल असं मला वाटत नाही.

मी साळवे, या उपजिल्हा रुग्णालयाच्या थिएटरची इनचार्ज सिस्टर. सर्जन, भूलतज्ज्ञ, दोन सिस्टर आणि एक काळजीवाहू, एवढी माणसं हजर असल्याशिवाय मी थिएटरचं कुलूप काढत नाही. लोक मला खडूस म्हणतात. म्हणोत बापडे.

काळजीवाहूला पदविका लागते. वर्षभराच्या अभ्यासक्रमात वीज जाणं, जनरेटरचं डिझेल, रक्ताची पिशवी, पोटात राहिलेला बोळा अशा काळज्या पायरीपायरीने शिकवतात. शेवटच्या परीक्षेत संपूर्ण अनोळखी माणसाची काळजी करायची असते आणि तिथे भलेभले नापास होतात. नातेवाइकांची काळजी धरत नाहीत. ती हौशी असते. पेशंटपासून सुरू होते आणि गेटबाहेर लावलेल्या मोटारसायकलवर जाऊन बसते. टेबलावरच्या माणसावरून काळजी हलली की दिवा विझतो.

आमच्या काळजीवाहू खराडेबाई, इंदुमती खराडे. कपाळावरची एक आठी सोडली तर त्यांच्या तोंडावर काही दिसायचं नाही. मांडीवर ताट घेऊन लसूण सोलत बसायच्या आणि वर दिवा लखलखत असायचा. दुसरं पद मंजूर आहे, पण ते माझ्या नोकरीच्या आधीपासून रिकामं आहे.

गुरुवार हा आमचा ऑपरेशनचा वार. त्या गुरुवारी आत हर्नियाचं ऑपरेशन चालू असताना बाईंच्या पोटात कळ आली. दिवा हलला नाही. टाके पडले, पेशंट बाहेर आला, मग बाई बाकावरच आडव्या झाल्या. आमचे सर्जन डॉक्टर मुजावर यांनी तपासलं. पित्ताशय खड्यांनी भरलं होतं आणि आत पू झाला होता. आजच्या आज काढायला हवं, आत फुटलं तर बाई हातच्या जातील, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी दाराकडे पाहिलं. ज्यांनी बाकावर बसायचं त्या स्ट्रेचरवर होत्या.

अधीक्षक बोंद्रेसाहेबांनी जिल्ह्याला फोन लावला. जिल्ह्याचे सगळे काळजीवाहू निवडणुकीच्या कामावर होते. खाजगी दवाखाने त्यांचे काळजीवाहू जिल्ह्याहूनच बोलावतात, तेव्हा तिथेही तीच गत. बोंद्रेसाहेब म्हणाले, सोमवारपर्यंत थांबता येईल का? मी म्हणाले, साहेब, पू थांबत नसतो.

बाई स्ट्रेचरवरून म्हणाल्या की माझी काळजी मीच करते, पदविका आहेच. नियमात तसं करू नये असं कुठे म्हटलेलं नाही, म्हणून आम्ही बाक आत टेबलाला जोडून करून पाहिलं. टेबलावर झोपल्या झोपल्या त्यांनी दिवा लावला, आणि चांगला लावला. मग भूलतज्ज्ञ पाध्येंनी भूल द्यायला सुरुवात केली. दिवा मंद होत होत विझला. पाध्ये म्हणाले, काळजी विसरावी म्हणूनच तर भूल देतात. भूल तिथेच थांबवून बाईंना परत शुद्धीवर आणलं. त्या ओशाळल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून विझलेला तो पहिला दिवा.

बोंद्रेसाहेबांनी मग संचालकांना विचारलं. तिकडून उत्तर आलं की आजारपणात पदाचा तात्पुरता चार्ज दुसऱ्याला देता येईल, शैक्षणिक अट शिथिल, मात्र दिवा लागला पाहिजे. एवढी फट मला पुरेशी होती. आज या बाईंचं ऑपरेशन होणार, असं मी सगळ्यांदेखत बोलून टाकलं. बोलून टाकलं की मला मागे फिरता येत नाही, हा माझा स्वभाव आहे.

मी स्वतः बसणार होते, पण मी आत लागत होते आणि एका माणसाला एका वेळी दोन पदं भरता येत नाहीत. बोंद्रेसाहेब बसले. दिवा लागला, पण साहेबांना काळजी चौकशीची वाटत होती, त्यामुळे लगेच गेला. बाईंची भावजय बसली. ती मनापासून हळहळत होती आणि दिवाही बरा लागला होता, तेवढ्यात तिला गावच्या शेवटच्या एसटीची आठवण झाली.

राहता राहिले बाईंचे यजमान, दिनकरराव. ते लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. वरातीत गॅसबत्ती पडली, घोडा उधळला, नवरदेव पळाला, तरी यांचा सूर कधी तुटला नाही अशी त्यांची ख्याती आहे. ते बाकावर बसले आणि पाय हलवत गुणगुणू लागले. दिवा ठार काळा. मला इतका राग आला की मी तिथेच त्यांना म्हटलं, अहो, बायको मरायला टेकलीय तुमची.

ते शांतपणे म्हणाले, "तिला काय बी हुत न्हाई, सिस्टर. आन मला काळजी करायला येत न्हाई. आमच्या घरात ते खातं हिच्याकडं हाय."

यात खोटं काही नव्हतं. घरात एकच पदविका होती आणि तिच्यावर दोघांचं भागत होतं. बाईंना आता थंडी वाजून ताप भरला होता. डॉक्टर मुजावर हात धुऊन, हात वर धरून दारात उभे होते. ते काही बोलत नव्हते, आणि मुजावर गप्प झाले म्हणजे वेळ थोडा उरला असं आम्ही समजतो.

बाईंनी मला खूण केली. मी स्ट्रेचर ढकलत बाकाला लावलं. चार्ज असा नुसता बोलून देता येत नाही, तो समोरच्याच्या हातात पडावा लागतो.

बाई म्हणाल्या, "अवो, मरणाची काळजी करू नगा. ती न्हवशिक्यांना पेलत न्हाई. उद्याच्या चहाची करा."

"चहाची काय करायची?"

"सकाळी उठल्यावर चहा करशीला. साखरंचा डबा कुठं हाय?"

दिनकरराव पाय हलवायचे थांबले. त्यांनी डोळे मिटले. स्वयंपाकघरात हिंडत असावेत.

"फळीवर," ते म्हणाले.

"फळीवर मुंग्या व्हत्या. तिथनं हलवून लय दिस झालं."

"मग कुठं हाय?"

बाईंनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"इंदे, कुठं ठिवलाईस डबा?"

"माझ्याबिगर कुणाला ठावं हाय?"

"कुणालाच न्हाई," दिनकरराव म्हणाले. वर दिवा लागला.

तो असा लागला की समोरच्या भिंतीवरची शौचालयाकडे जाणारा बाण दाखवणारी पाटीसुद्धा लाल दिसू लागली. मी एक क्षण वाया घालवला नाही. स्ट्रेचर आत, दार बंद, पाध्येंनी भूल दिली. बाई विसरल्या. दिवा तसाच.

पित्ताशय फुटायच्या बेतात होतं. मुजावरांनी फार जपून सोडवलं. मध्येच दिवा आणखी तेजाळला आणि दाराच्या काचेतून लाल उजेड टेबलापर्यंत आला. मुजावर मान वर न करता म्हणाले, जरा कमी करायला सांगा त्यांना. मी बाहेर डोकावले. कुणीतरी दिनकररावांपुढे चहाचा कप आणून ठेवला होता आणि ते त्या कपाकडे बघत बसले होते. मी कप उचलून घेतला. उजेड बेताचा झाला.

बाई शुद्धीवर आल्या तेव्हा पहिलं हेच विचारलं की दिवा विझला का. मी म्हटलं, नाही. एवढ्यावर त्या गाढ झोपल्या. झोपेत त्यांच्या कपाळावरची आठी गेलेली मी प्रथमच पाहिली, आणि खरं सांगते, मला रडू आलं. मी हत्यारं मोजायला गेले.

बाई आता आजारपणाच्या रजेवर आहेत. चार्ज दिनकररावांकडे आहे. पहिल्या गुरुवारी मला धाकधूक होती, कारण टेबलावर अनोळखी माणूस होता आणि त्या परीक्षेत पदविकावालेही नापास होतात. दिनकरराव स्ट्रेचरजवळ गेले आणि त्या माणसाला विचारलं, पावणं, तुमच्या घरात असं काय हाय, जे तुमालाच ठावं हाय? तो म्हणाला, विहिरीवरची मोटर चालू होत नाही तेव्हा तिला कुठे थापटायचं ते. दिनकरराव बाकावर बसले आणि दिवा लागला. ते प्रत्येकाला हाच प्रश्न विचारतात. एका म्हातारीने कानात सांगितलं, तेव्हा दिवा संध्याकाळपर्यंत विझेना.

बँडची सुपारी आली तर ते गुरुवार सोडून घेतात. बोंद्रेसाहेबांनी दुसऱ्या पदासाठी त्यांचं नाव पाठवलं आहे. शिक्षणाच्या रकान्यात काय लिहायचं ते कुणालाच कळलं नाही, म्हणून तो कोरा ठेवला आहे.

खराडेबाईंची प्रकृती सुधारली आहे. ऑपरेशनच्या दिवशी त्या दुपारी सावकाश चालत येतात आणि नवऱ्यासाठी किटलीतून गोड चहा आणतात. तो पिताना दिनकरराव दर वेळी विचारतात आणि बाई विषय बदलतात. एकदा मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, बाई, आता तरी सांगून टाका बिचाऱ्यांना, साखरेचा डबा कुठे आहे ते.

आत मुजावरांनी नुकतीच सुरी हातात घेतली होती. बाईंनी दारावरच्या दिव्याकडे पाहिलं.

"सांगीन की," त्या म्हणाल्या. "चार्ज परत घेतल्यावर."